शिकारी बाण, आधुनिक

शिकारी बाण, आधुनिक : कंपाउंड धनुष्यातून सोडावयाचा आणि हरणासारख्या मोठ्या जनावराच्या शिकारीस योग्य असा बाण. शरदंड, त्याच्या मागील टोकास प्रत्यंचेवर बसणारी खाच, खाचेपुढील पिसे, पुढील टोकात चिकटविलेली आट्यांची पुंगळी व तीत फिरवून बसवावयाचे टोक हे त्याचे मुख्य भाग होत. सरावासाठी गोलसर अणकुचीदार टोक वापरतात, तर शिकारीसाठी धारदार पाती असलेले रुंद टोक लावतात. बंदुकीची गोळी आघाताने व ऊतकांच्या नाशाने मारते. बाण मात्र रक्तवाहिन्या छेदून रक्तस्रावाने मारतो. त्यामुळे बाण सरळ जाणे, पुरेसा खोल शिरणे आणि पाती तीक्ष्ण असणे या तीन गोष्टींवर जनावर त्वरित मरते की जखमी होऊन रानात नाहीसे होते हे अवलंबून असते. स्वस्त बाणाचा प्रश्न म्हणूनच केवळ पैशाचा नाही. सामान्य माणसास परवडेल असा, आणि तरीही विश्वासार्ह बाण कसा निर्माण झाला, याचा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला.

प्रारंभ : यूरोपीय वसाहतींच्या काळात बंदुकीच्या प्रसारामुळे अमेरिकेत धनुष्याची शिकार मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिस टॉम्सन व विल टॉम्सन या बंधूंनी ती छंद म्हणून पुन्हा लोकप्रिय केली. मॉरिस टॉम्सन यांचा द विचरी ऑफ आर्चरी हा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८७९ मध्ये राष्ट्रीय धनुर्विद्या संघटना स्थापन झाली. तथापि आधुनिक धनुर्धारी शिकारीची खरी परंपरा इशी या याही जमातीच्या माणसापासून सुरू झाली, असे सामान्यतः मानतात. आपल्या जमातीचा अखेरचा वारस असलेला इशी ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे उपाशी अवस्थेत सापडला. त्यानंतर सॅन फ्रॅन्सिस्को येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला व मार्च १९१६ मध्ये क्षयाने मरण पावला. विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांनी त्याच्यावर उपचार केले आणि त्याच्याकडून धनुष्य-बाण तयार करण्याची व शिकार करण्याची कला आत्मसात केली. पोप यांचे हंटिंग विथ द बो अँड ॲरो हे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या व त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या शिकारींमुळे धनुष्याने मोठे जनावर मारता येते, हे अमेरिकन वाचकांना पटले.

इशी आपले बाण स्वतः करी. काडी निवडणे, ती वाळविणे, उष्णता देऊन सरळ करणे, पिसे बांधणे व ऑब्सिडियनचे अथवा काचेचे टोक घडविणे या सर्व कामांत त्याचा पुष्कळ वेळ जाई. अशा बाणाला बाजारभाव नव्हता. त्याचे मोल श्रमात होते. पोप यांच्या वाचकांना मात्र बाण विकत हवे होते. तेव्हापासून बाणाची किंमत आणि त्याचा एकसारखेपणा हे दोन प्रश्न एकमेकांशी निगडित झाले.

लाकडी बाण : दुसऱ्या महायुद्धापूर्वी बहुतेक अमेरिकन बाण लाकडाचे असत. त्यांसाठी ऑरेगनचा नैर्ऋत्य किनारा व कॅलिफोर्नियाचा वायव्य भाग एवढ्याच प्रदेशात नैसर्गिक रीत्या वाढणारा पोर्ट ऑरफर्ड सीडार हा वृक्ष सर्वोत्तम समजला जाई. त्याचे लाकूड हलके, सरळ रेषांचे, चिवट व सुगंधी असते. १९५० नंतरच्या दशकात त्याच्या मूळ प्रदेशात मुळे कुजविणाऱ्या रोगाचा प्रादुर्भाव झाला आणि चांगल्या लाकडाचा पुरवठा उत्तरोत्तर कमी होत गेला.

लाकडी बाणातील मूलभूत अडचण अशी, की एकाच फळीतून काढलेल्या दोन काड्यांचे वजन व ताठरता सारखी असेलच असे नाही. त्यामुळे डझनभर जुळणारे बाण मिळविण्यासाठी विक्रेत्यास शेकडो काड्या तोलून व वाकवून वेगळ्या कराव्या लागत. वाकविण्याची रीत ठरीव होती : ६६ सेंमी. (२६ इंच) अंतरावरील दोन आधारांवर काडी ठेवून तिच्या मध्यावर २ पौंडांचे (सु. ९०७ ग्रॅ.) वजन टांगावयाचे आणि ती किती इंच खाली वाकते ते पाहावयाचे. २६ या संख्येस त्या वाकण्याने भागले, की काडी किती पौंडांच्या धनुष्यास योग्य आहे, त्याचा अंदाज येई. ०·५२ इंच वाकणारी काडी ५० पौंडांच्या धनुष्यासाठी धरीत. या निवडीस लागणारे श्रम हाच जुळलेल्या बाणांच्या किंमतीतील मोठा भाग असे. न निवडलेल्या काड्या स्वस्त मिळत, पण त्या निरनिराळ्या ठिकाणी पडत.

ताठरतेचे महत्त्व : बोटांनी प्रत्यंचा सोडताना ती किंचित आडवी सरकते आणि मागून मिळणाऱ्या जोराने बाण वाकतो. पुढे तो मागे-पुढे लवत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून जातो व काही अंतरावर स्थिरावतो. बाण मुठीच्या बाजूकडे रोखलेला दिसत असूनही लक्ष्यावर सरळ जातो, या घटनेस रॉबर्ट पी. एल्मर यांनी धनुर्धराचा विरोधाभास असे नाव दिले. १९३० नंतरच्या दशकात भौतिकीविज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिशीघ्र छायाचित्रणाने हे लवणे प्रत्यक्ष दाखविले. पॉल क्लॉपस्टेग यांनीही धनुष्याच्या यामिकीचा अभ्यास केला. या संशोधनामुळे, बाण फार लवचिक असल्यास किंवा फार ताठ असल्यास तो मुठीवर घासतो व बाजूस जातो, या जुन्या अनुभवास शास्त्रीय आधार मिळाला. बाणाची निवड म्हणजे प्रथम ताठरतेची निवड, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

याच सुमारास शिकारीस कायद्याची मान्यता मिळू लागली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने सॉक व कोलंबिया या दोन परगण्यांत केवळ धनुष्याने हरणाची शिकार करण्यासाठी स्वतंत्र हंगाम ठेवला. अशा प्रकारचा हा आधुनिक काळातील पहिला हंगाम होय. पुढे इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. हंगाम वाढले तसे हौशी शिकारी वाढले आणि स्वस्त बाणांची मागणीही वाढली.

ॲल्युमिनियम व काचतंतू : कॅलिफोर्नियातील बाणकार जेम्स डी. (डग) ईस्टन यांनी लाकडाच्या असमानतेस कंटाळून १९३९ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे प्रयोग सुरू केले. १९४१ मध्ये लॅरी ह्यूज यांनी अशा बाणांनी अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. युद्धकाळात ॲल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवल्यामुळे हे काम थांबले व १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले. पुढे जस्त हे प्रमुख मिश्रक असलेल्या ७०७५ या विमानबांधणीतील मिश्रधातूच्या नळ्या प्रचारात आल्या.

या बाणांवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे बाह्य व्यास एक-चौसष्टांश इंचांत, तर शेवटचे दोन भिंतीची जाडी एक-सहस्रांश इंचांत दर्शवितात. २११७ या बाणाचा व्यास २१/६४ इंच (सु. ८·३ मिमी.) व जाडी ०·०१७ इंच (सु. ०·४३ मिमी.) असते. व्यास व जाडी या दोन्ही बदलता येत असल्याने पाहिजे ती ताठरता आणि पाहिजे ते वजन यांचा मेळ घालता येऊ लागला. एका खुणेचे सर्व बाण जवळजवळ सारखे निघत. त्यामुळे हाताने निवडण्याचे श्रम वाचले. मात्र धनुष्यागणिक खूण बदलत असल्याने विक्रेत्यास अनेक प्रकारचा साठा ठेवावा लागे आणि धनुष्याचा जोर वाढविला, की शिकाऱ्यास बहुधा नवे बाण घ्यावे लागत. शिवाय ॲल्युमिनियमचा बाण दगडावर वा झाडावर आपटला, की वाकतो. तो काही प्रमाणात सरळ करता येतो, परंतु प्रत्येक वेळी त्याची अचूकता घटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व रेझीन यांचे बाणही निघाले. ते वाकून राहत नसत आणि स्वस्त असत; पण जड होते. भरीव काचतंतूचा बाण आज मुख्यत्वे धनुष्याने मासे मारण्यासाठी वापरतात, कारण तेथे वजन व चिवटपणा यांचाच उपयोग होतो.

कंपाउंड धनुष्य : मिसूरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या बाहूंच्या टोकांस उत्केंद्री चाके बसवून त्यांवरून तारा नेण्याची योजना केली. १९६६ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला व डिसेंबर १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. टॉम जेनिंग्ज यांनी या धनुष्यांचे उत्पादन करून ती बाजारात आणली. या रचनेत प्रत्यंचा ओढताना भार वाढत जातो, परंतु अखेरच्या टप्प्यात चाके उलटतात आणि हातावरचा भार एकदम कमी होतो. आधुनिक धनुष्यांत ही घट बहुधा ७५ ते ८५ टक्के असते, म्हणजे ६० पौंडांचे (सु. २७ किग्रॅ.) धनुष्य पूर्ण ओढल्यावर ९ ते १५ पौंडांवर धरून ठेवता येते. त्यामुळे कमी सराव असलेल्यासही नेम धरण्यास वेळ मिळू लागला आणि १९७० नंतरच्या दशकात शिकाऱ्यांत हे धनुष्य झपाट्याने पसरले.

कंपाउंड धनुष्याने बाणाच्या गरजाही बदलल्या. एक तर अधिक ऊर्जा अल्पकाळात मिळत असल्याने बाण अधिक ताठ असावा लागतो. दुसरे असे, की मुठीचा मध्यभाग कापलेला असल्यामुळे आणि प्रत्यंचा बोटांऐवजी यांत्रिक चापाने सोडल्यामुळे बाणास बसणारा आडवा धक्का पुष्कळ कमी झाला. परिणामी एकच ताठरता पूर्वीपेक्षा अधिक विस्तृत ताणभारास चालू लागली.

कार्बन बाण : १९८० नंतरच्या दशकात कार्बन तंतूंचे बाण प्रचारात आले. ॲल्युमिनियमच्या पातळ नळीवर कार्बनचे आवरण दिलेला बाण मुख्यतः लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी होता व तो महाग होता. शिकारीसाठी आलेले सुरुवातीचे निव्वळ कार्बनचे बाण साच्यातून ओढून काढलेले, अतिशय बारीक असत. त्यांतील सर्व तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे ते उभे चिरत, आणि व्यास लहान असल्यामुळे खाच व टोक नळीच्या बाहेरून बसवावे लागे. पुढे तंतू निरनिराळ्या दिशांनी गुंडाळून मोठ्या व्यासाची नळी तयार करण्याची पद्धत आली आणि हे दोष बहुतांशी दूर झाले. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून कार्बन हाच शिकारी बाणाचा सामान्य पदार्थ ठरला.

किंमत उतरण्यामागे पदार्थाइतकीच वर्गीकरणाची सुलभताही कारणीभूत झाली. कार्बन बाणाची ताठरता एका संख्येने दर्शवितात. ७१·१ सेंमी. (२८ इंच) अंतरावरील आधारांवर ठेवलेल्या नळीच्या मध्यावर १·९४ पौंडांचे (८८० ग्रॅ.) वजन टांगल्यास ती जितके सहस्रांश इंच वाकते, ती ही संख्या. म्हणून ५०० हा बाण लवचिक, तर ३०० हा ताठ होय. ५००, ४००, ३४० व ३०० अशा मोजक्या गटांत बहुतेक शिकारी धनुष्यांची गरज भागते. ॲल्युमिनियमच्या अनेक मापांऐवजी थोडीच मापे मोठ्या प्रमाणावर काढता येऊ लागल्यामुळे साठा व उत्पादन या दोहोंचा खर्च कमी झाला.

त्याच कारखान्यातील नळ्या सरळपणा मोजून वेगळ्या करतात व निरनिराळ्या किंमतींस विकतात. एकूण लांबीत ०·००१ इंच (सु. ०·०२५ मिमी.) एवढाच फरक असलेल्या नळ्या सर्वांत महाग, ०·००३ इंच फरकाच्या मध्यम आणि ०·००६ इंच (सु. ०·१५ मिमी.) फरकाच्या स्वस्त असतात. शिकारीच्या नेहमीच्या २० ते ३० यार्ड (सु. १८ ते २७ मी.) अंतरावर नवशिक्याच्या हाताची चूक या फरकाच्या अनेक पटींनी मोठी असते. त्यामुळे स्वस्त वर्गातील नळ्या त्याला पुरेशा असतात. सरळपणाच्या शेवटच्या सहस्रांशासाठी दिलेला पैसा सरावासाठी अधिक बाण घेण्यात खर्च करणे हितावह ठरते.

कर व किंमत : अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या शस्त्रांवरील उत्पादनकर वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राखून ठेवला. १९७२ च्या सुधारणेने धनुष्य-बाणही या योजनेत आले. १९९७ मध्ये बाणांवरील कर सुट्या भागांवर बसविण्यात आला. त्यामुळे परदेशात जोडून आयात केलेले तयार बाण करातून सुटू लागले व देशी उत्पादकांची कुचंबणा झाली. ही त्रुटी दूर करण्यासाठी २००५ पासून प्रत्येक शरदंडामागे ३९ सेंट असा ठरीव कर बसविण्यात आला आणि तो महागाईनुसार वाढविण्याची तरतूद करण्यात आली. ठरीव कराचा बोजा साहजिकच स्वस्त बाणावर प्रमाणतः अधिक पडतो : ३९ सेंट हे ३ डॉलरच्या नळीचे १३ टक्के, तर १२ डॉलरच्या नळीचे सव्वातीन टक्केच होतात. २००८ मध्ये मुलांच्या सरावाचे साधे लाकडी बाण या करातून वगळण्यात आले. अशा रीतीने स्वस्त बाण घेणारा नवशिकाही ज्या वन्यजीवांची शिकार करतो, त्यांच्या रक्षणाच्या खर्चाचा वाटा उचलतो.

निवडीचा क्रम : नवशिक्याने प्रथम आपल्या धनुष्याचा ताणभार व आपली ओढलांबी दुकानात मोजून घ्यावी, अंदाजाने ठरवू नये. त्यानंतर उत्पादकाच्या तक्त्यावरून ताठरता ठरवावी. सामान्यतः २८ इंचांच्या आसपासच्या बाणास व १०० ग्रेनच्या (सु. ६·५ ग्रॅ.) टोकास ४० ते ५० पौंडांकरिता ५००, ५० ते ६० पौंडांकरिता ४०० आणि ६० ते ७० पौंडांकरिता ३४० ही ताठरता योग्य असते. बाण लांब ठेवल्यास अथवा टोक जड केल्यास तो अधिक लवचिक वागतो, हे लक्षात घ्यावे. संख्या दोन गटांच्या सीमेवर असल्यास ताठ बाण घेणे अधिक सुरक्षित असते आणि पुढे ताणभार थोडा वाढविल्यास तोच बाण चालतो. नळी टेकणीच्या पुढे येईल एवढी लांब असावी. आखूड बाण टेकणीमागे घसरून हातात शिरण्याचा धोका असतो.

यानंतर वजनाचा विचार करावा. ताणभाराच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे एकूण वजन किमान ५ ग्रेन असावे, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे पाळतात. ६० पौंडांच्या धनुष्यास ३०० ग्रेन (सु. १९·४ ग्रॅ.) हे किमान वजन होय. त्याहून हलका बाण सोडणे हे रिकामे धनुष्य सोडण्यासारखे असून त्याने बाहू मोडू शकतात. शिकारीसाठी ३६० ते ४८० ग्रेन (सु. २३ ते ३१ ग्रॅ.) वजन अधिक पसंत करतात, कारण हलका बाण वेगवान असला, तरी जड बाण अधिक खोल शिरतो व कमी आवाज करतो.

शिकारीचे टोक सरावाच्या टोकाइतक्याच वजनाचे असावे. अनेक राज्यांत त्याची छेदनरुंदी किमान ७/८ इंच (सु. २·२ सेंमी.) असावी, असा नियम आहे. रुंद पाती हवेत पंखांप्रमाणे काम करतात. म्हणून ताठरतेत झालेली जी चूक सरावाच्या टोकाने दिसत नाही, ती पातेदार टोकाने उघड होते. हंगामापूर्वी पातेदार टोकाने सराव करणे त्यामुळे अत्यावश्यक ठरते. आघातानंतर उघडणाऱ्या पात्यांस ऊर्जा खर्ची पडते. कमी ताणभाराच्या धनुष्यास स्थिर पाती अधिक भरवशाची असतात. बाणांत केलेली काटकसर क्षम्य असते. पात्यांच्या धारेत केलेली मात्र नसते.

सुरक्षितता : लाकूड तडकते, ॲल्युमिनियम वाकते आणि या दोहोंचा दोष बहुधा डोळ्यांना दिसतो. कार्बनचे तसे नाही. दुसऱ्या बाणावर किंवा कठीण वस्तूवर आदळलेला कार्बन बाण वरून धडधाकट दिसूनही आतून चिरलेला असू शकतो. असा बाण सुटताना फुटल्यास त्याचे तुकडे धनुष्य धरणाऱ्या हातात घुसतात. म्हणून प्रत्येक आघातानंतर बाण शरीरापासून दूर धरून हलका वाकवावा, फिरवावा, पृष्ठभाग तपासावा व करकर ऐकू आल्यास तो मोडून टाकावा. जुने बाण घेताना ही तपासणी विशेष कसोशीने करावी. इतिहास माहीत नसलेला बाण कितीही स्वस्त असला, तरी महागच पडतो. एकसारखे सहा बाण हे बेमेळ बारा बाणांपेक्षा नवशिक्यास अधिक उपयोगी असतात, कारण त्यांच्या पडण्यावरून चूक हाताची आहे की बाणाची हे त्याला कळते.

भारत : संस्कृत वाङ्मयात शर नावाच्या गवताच्या काडीचा बाण आणि सर्व लोखंडाचा नाराच असे भेद आढळतात, भिल्ल व इतर आदिवासींत बांबूचा बाण परंपरेने प्रचलित आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढील सुधारणांनी भारतात हौशी शिकारीस वाव उरलेला नाही. कंपाउंड धनुष्याचा येथील प्रसार केवळ लक्ष्यवेधासाठी झाला असून त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक अजिंक्यपदे मिळविली. लक्ष्यवेधाच्या बाणास पाती नसतात व त्याचे वजनही निराळे असते. परंतु धनुष्याच्या ताणभारास जुळणारी ताठरता, पुरेशी लांबी व प्रत्येक आघातानंतरची तपासणी हे नियम त्यालाही तसेच लागू पडतात.